अफिंग्टनचा पांढरा घोडा: नेमका कुठून बघायचा, आणि वर चढावं का?

रानवाट

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका दिवसात ऑक्सफर्डशायरमधला अफिंग्टनचा पांढरा घोडा, म्हणजे टेकडीच्या उतारावर खडू या मऊ पांढऱ्या खडकाच्या पट्ट्यांनी काढलेलं घोड्याचं प्रचंड चित्र, बघून यायचा बेत आहे. गाडी आहे. सोबत आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे बाबा. बाबा सपाटीवर दोन-तीन किमी आरामात चालतात, पण तीव्र उतार गुडघ्यांना झेपत नाही.

नेटवर दिसणारे फोटो बहुतेक सगळे विमानातून किंवा ड्रोनने काढलेले आहेत. जमिनीवरून तो घोड्यासारखा दिसतो का? दिसत असेल तर कुठून, किती वाजता? वाहनतळापासून चाल किती? आपण ड्रोन नेलेला चालतो का? आणि एकजण म्हणाला, “या सगळ्या डोंगरावरच्या आकृत्या दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या, उगाच प्राचीन म्हणून खपवतात.” त्यात कितपत तथ्य आहे? सर्न ॲबसचा जायंट किंवा विल्मिंग्टनचा लाँग मॅन, या टेकड्यांवरच्या अशाच माणसांच्या आकृत्या, त्यापेक्षा बऱ्या का?

खडकमाळ

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. घोड्याशेजारी उभं राहून घोडा दिसत नाही. तो शेपटीपासून कानापर्यंत सुमारे ११० मीटर लांब आहे आणि टेकडीच्या अगदी वरच्या, कमी कलत्या भागात कोरलाय. वर पोचल्यावर गवतात वळत गेलेले पांढरे पट्टे दिसतात. डोकं, डोळ्याचा गोल ठिपका आणि चोचीसारखा जबडा तेवढा ओळखता येतो. बरेच लोक इथेच “हे एवढंच?” म्हणून परत फिरतात. म्हणून दिवसाचे दोन भाग करा: टेकडी वेगळी, लांबून बघणं वेगळं.

क्रमही महत्त्वाचा. घोड्याचा उतार साधारण वायव्येकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी त्यावर ऊन तिरकं, पुरेसं पडत नाही. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर सूर्य पश्चिमेला कलला की तो उजळतो. तेव्हा सकाळी टेकडी (वाहनतळही रिकामा मिळतो), दुपारी जेवण, आणि पाचनंतर उत्तरेकडच्या गावांत जाऊन लांबून दर्शन.

वाहनतळ नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेचा आहे, बी४५०७ रस्त्यावरून वर वळणाऱ्या वूलस्टन रोडवर. सदस्यांना फुकट, बाकीच्यांना पैसे भरावे लागतात. घोडा बघायला तिकीट नाही. रेडिंगहून एम४ महामार्गाने १४ नंबरच्या जंक्शनला उतरून लॅम्बोर्नमार्गे या, तास-सव्वा तास धरा. शेवटचे काही किमी रस्ते अरुंद आहेत. वाहनतळापासून घोड्याच्या डोक्यापर्यंत गवतातून हलक्या चढाची दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे. बाबांना जमेल. फाटकं लागतात, ती आपल्यामागे लावून घ्यायची, मेंढ्या मोकळ्या चरत असतात. टेकडीवर स्वच्छतागृह नाही, ही सोय निघण्याआधी किंवा वाटेत करून घ्या.

बाबांनी टाळायची जागा म्हणजे ड्रॅगन हिल. घोड्याच्या खाली वरून सपाट केलेला एक छोटा उंचवटा आहे. माथ्यावर खडूचा उघडा पट्टा, गवत उगवत नाही. सेंट जॉर्जनं ड्रॅगन मारला आणि त्याचं रक्त तिथं सांडलं, अशी कथा सांगतात. मुलीला आवडेल, पण वरून तिथे उतरून परत चढणं गुडघ्यांच्या कामाचं नाही. तिथून घोडा खालून वर बघायला मिळतो, मात्र पूर्ण नाही. उतारामुळे उंची दबते आणि पायांच्या रेषा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात.

बाबांसाठी उत्तम जागा म्हणजे अफिंग्टन कॅसल. किल्ल्याच्या भिंती वगैरे शोधू नका, हा लोहयुगातला मातीचा कोट आहे: एक बांध, एक खंदक, आत सुमारे तीन हेक्टर मोकळं गवत. घोड्यापासून दोनशे-तीनशे मीटरवर. टेकडीचा माथा २६१ मीटर, ऑक्सफर्डशायरमधलं सर्वांत उंच ठिकाण. वारा कायम असतो, ऑगस्टमध्येही एक विंडचीटर सोबत ठेवा.

ड्रोनचं उत्तर सरळ आहे: नाही. नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवरून परवानगीशिवाय ड्रोन उडवायला त्यांच्या नियमांनुसार बंदी आहे.

तिरपं_ऊन

खडकमाळ यांनी क्रम अचूक सांगितलाय. लांबून बघण्याच्या जागांबद्दल थोडं.

लाँगकॉट, फर्नहॅम आणि ग्रेट कॉक्सवेल या गावांच्या आसपास उत्तरेकडून घोडा सगळ्यात चांगला दिसतो. पहिली दोन गावं साधारण चार-पाच किमीवर, कॉक्सवेल त्याहून लांब. उन्हाळ्यात कुंपणाच्या झुडपांनी रस्त्यावरून बरंच झाकलं जातं. गाडी नीट जागा बघून लावायची आणि शेताच्या फाटकापाशी उभं राहायचं. शेतात शिरायचं नाही आणि फाटक अडवायचं नाही, कापणीचे दिवस असतात.

फोनवर भिस्त ठेवू नका. हिशेब असा: पाच किमीवरून ११० मीटरचा घोडा जेमतेम सव्वा अंशात बसतो. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात तो चौकटीच्या रुंदीचा साठावा भाग होतो, म्हणजे पांढरा धागा. ४०० मिमीची लेन्स असेल तर चौकटीचा पाव भाग भरतो. लेन्स नसेल तर ८ पट दुर्बीण न्या, बाबांना आणि मुलीला त्यातच जास्त मजा येईल. ऑगस्टच्या दुपारी तापलेल्या शेतांवरची हवा थरथरते आणि मोठ्या लेन्समध्येही रेषा वितळल्यासारख्या येतात. संध्याकाळी सहानंतर हवा बरीच स्थिर होते.

लांबूनही तो फोटोत दिसतो तसा उभा दिसणार नाही. लांबी पूर्ण मिळते, उंची निम्म्याहूनही कमी वाटते. त्यामुळे धावणारा घोडा आणखीच लांबट भासतो. चारपैकी दोन पाय धडाला जोडलेलेच नाहीत, हे मात्र दुर्बिणीतून स्पष्ट कळतं. तेवढं नक्की बघा, हे चित्र काढणाऱ्याचा हात किती सराईत होता ते तिथे दिसतं.

जाता जाता: लंडनहून स्विंडनकडे जाणाऱ्या रेल्वेत डिडकॉटनंतर डाव्या खिडकीतून ही टेकडी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर घोडाही.

मातीचे_थर

वयाबद्दल. तुमच्या ओळखीच्या माणसाचं म्हणणं बाकी बऱ्याच आकृत्यांना लागू आहे, अफिंग्टनला नाही.

विल्टशायरमधले पांढरे घोडे बहुतेक अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे. वेस्टबरीचा सध्याचा घोडा १७७८ चा, चेरहिलचा १७८० चा. वेस्टबरीच्यावर तर १९५० च्या दशकात काँक्रीट ओतून पांढरा रंग दिला, म्हणून तो इतका ठसठशीत दिसतो. अफिंग्टनलाही आधी लोक सॅक्सन राजा आल्फ्रेडच्या इ.स. ८७१ च्या विजयाचं स्मारक समजत. पुढे लोहयुगीन नाण्यांवरच्या घोड्यांशी साम्य दाखवलं गेलं. निकाल लागला तो १९९० च्या उत्खननातून. पट्ट्यांच्या आतल्या मातीच्या नमुन्यांवर प्रकाश-उत्तेजित कालमापन केलं आणि इ.स.पू. १३८० ते ५५० हा काळ मिळाला. म्हणजे कांस्ययुगाचा उत्तरार्ध ते लोहयुगाची सुरुवात.

ही पद्धत थोडक्यात अशी. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांवर ऊन पडलं की त्यात साठलेली ऊर्जा निघून जाते, घड्याळ शून्यावर येतं. कण गाडले गेले की आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे ऊर्जा पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत ती मोजली की शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. म्हणून नमुना अंधारात, बंद नळीत घ्यावा लागतो. एकदा उजेड लागला की नमुना वाया.

त्याच उत्खननानं आणखी एक गैरसमज मोडला. गवत खरवडलं की खाली पांढरा खडू असतो आणि चित्र तयार होतं, असं सगळे समजतात. या उतारावर गवताखाली स्वच्छ खडू नाही, तपकिरी माती आणि घसरून आलेला राडारोडा आहे. बनवणाऱ्यांनी काही ठिकाणी मीटरभर खोल चर खणले आणि त्यात कुटलेला पांढरा खडू भरला. रेषा टिकल्या त्या या भरावामुळे. नुसतं वरवर खरवडलेलं चित्र पाच-सात पिढ्यांतच गेलं असतं.

सर्न ॲबस आणि विल्मिंग्टनचे निकाल मात्र सगळ्यांना चकवणारे निघाले. सर्नचा जायंट काही जण रोमनकालीन म्हणत, काही सतराव्या शतकातली टवाळी. २०२१ मध्ये नॅशनल ट्रस्टनं जाहीर केलेल्या कालमापनात इ.स. ७०० ते ११०० आलं. तिथल्या मातीत मध्ययुगात ब्रिटनमध्ये पोचलेल्या सूक्ष्म गोगलगायींचे शंखही सापडले, तेव्हा प्रागैतिहासिक असण्याची शक्यता गेली. गंमत अशी की १६१७ च्या जमीन-पाहणीत जायंटचा उल्लेखच नाही आणि १६९४ मध्ये चर्चच्या जमाखर्चात त्याच्या दुरुस्तीला ३ शिलिंग दिल्याची नोंद आहे. मधली काही शतकं तो गवताखाली गेला असावा असा अंदाज आहे. लाँग मॅन दिसायला सगळ्यात आदिम, पण २००३ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या पथकानं पायथ्याशी खणलं तेव्हा वरून वाहून आलेल्या खडूच्या चुऱ्यावरून तो सोळाव्या-सतराव्या शतकातला ठरला.

दक्षिणउतार

वयावर वाद नाही, पण “जमिनीवरून काय चांगलं दिसतं” हा प्रश्न असेल तर माझं मत लाँग मॅनला. ईस्ट ससेक्समध्ये विंडओव्हर हिलच्या उत्तर उतारावर, सुमारे ७० मीटर उंच, दोन्ही हातांत काठ्या घेतलेला. त्याचं माप मुद्दाम लांबवलंय, खालून बघताना प्रमाणशीर माणूस दिसतो. विल्मिंग्टन गावात जुन्या प्रायरीजवळ (ख्रिस्ती मठाजवळ) छोटा वाहनतळ आहे, तिथूनच तो समोर पूर्ण दिसतो. बाबांना एक पाऊलही चढावं लागणार नाही. गावातल्या चर्चच्या आवारातलं यू झाडही बघून घ्या, टेकू आणि साखळ्या लावून उभं आहे.

गाडी नसलेल्यांनाही हेच सोयीचं. बर्विक किंवा पोलगेट स्थानकापासून साधारण तासाभराची चाल. अफिंग्टनला जवळची मोठी स्थानकं स्विंडन आणि डिडकॉट, पुढे टॅक्सीवाचून पर्याय नसल्यातच जमा.

फक्त लाँग मॅनच्या रेषा खडूच्या नाहीत हे लक्षात ठेवा. १८७४ च्या सुमारास विटांनी बाह्यरेषा पक्की केली, १९६९ मध्ये त्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले, आणि ते वेळोवेळी पांढरे रंगवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून हिरवा रंग मारला होता. अफिंग्टनचा घोडा त्याच कारणानं गवत-फांद्यांनी झाकला होता.

सर्नला ए३५२ रस्त्यालगत बघण्याची जागा केलेली आहे, तिथून ५५ मीटरचा जायंट व्यवस्थित दिसतो. जवळ जाऊन काही मिळत नाही, भोवती कुंपण आहे. बाबा आणि मुलगी दोघंही सोबत असताना त्या नागड्या गदाधाऱ्यासमोर किती वेळ निरखत उभं राहायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

खडकमाळ

दक्षिणउतार, सहमत, पण रेडिंगहून विल्मिंग्टन म्हणजे एका बाजूला दोन तासांच्या वर गाडी. तेवढ्या वेळात अफिंग्टन बघून वेलँड्स स्मिदीही होते. रिजवे या जुन्या पायवाटेनं घोड्यापासून पश्चिमेला सुमारे दोन किमी, नवाश्मयुगातलं दगडी दालनांचं थडगं, घोड्याहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी जुनं. वाट रुंद आणि जवळजवळ सपाट आहे, मात्र चाकोऱ्या आणि गारगोट्या आहेत. जाऊन-येऊन चार किमी, शिवाय घोड्यापर्यंतची चाल. बाबांसाठी दोन्ही एका दिवसात जास्त होईल. तुम्ही मुलीला घेऊन जा, बाबांनी कोटाच्या बांधावर बसावं.

रानवाट

सगळ्यांचे आभार, फारच कामाचं. अफिंग्टनच ठरलं. दोन शंका राहिल्या. घोड्याच्या डोळ्यात उभं राहून तीन गिरक्या घेऊन इच्छा मागायची असं कुठंतरी वाचलं, मुलीच्या डोक्यात ते बसलंय. आणि खडू भरायच्या कामात लोकांना सहभागी होता येतं असं ऐकलं, ते काय असतं?

घणाचा_हात

डोळ्यात उभं राहू नका. ही जुनी पद्धत होती, आता तसं न करण्याची विनंती करतात, आणि कारण अगदी जमिनीवरचं आहे. खडू हा मऊ चुनखडक. वरची कुटलेली पापडी बुटाच्या टाचेनं फुटते, त्या भेगेत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि पापडी सुटते. सुटलेला चुरा पावसानं खाली वाहतो. डोळा लहान आहे, सगळे तिथेच पाय देतात, म्हणून तिथे झीज जास्त. मुलीला काठावरच्या गवतातून इच्छा मागू द्या.

खडू भरण्याचं काम नॅशनल ट्रस्ट दर उन्हाळ्यात करतं. नाव आधी नोंदवावं लागतं, जागा भरतात, तेव्हा त्यांच्या पानावर वेळेत बघा. मुलांसाठी वयाची अट काय आहे तेही तिथेच तपासा. पूर्वी ठरावीक वर्षांनी आसपासच्या गावांचे लोक जमून साफसफाई करायचे आणि त्याला जत्राच भरायची. आता जत्रा नाही, काम तेच.

आधी पट्ट्यात घुसलेलं गवत मुळासकट उपटायचं. नुसतं वरून तोडलं तर दोन आठवड्यांत परत येतं. मग बादल्यांतून आणलेली खडूची ढेकळं पट्ट्यावर एका थरात पसरायची, गुडघ्याखाली जाड गादी टाकून बसायचं आणि हातोडीनं ती कुटायची. आधी भुगा होतो, कुटत राहिलं की ओलाव्यानं लगदा होतो. तो जुन्या थरात ठोकून बसवायचा, म्हणजे फटी भरतात आणि सुकल्यावर कडक पृष्ठभाग मिळतो. घाई करून मोठी ढेकळं तशीच सोडली की पहिल्या पावसात उतारावरून गडगडतात. नुसता भुगा शिंपडला तर तो वाहून जातो आणि खालचं गवत पांढरं होतं. चष्मा आणि हातमोजे लागतातच, कपच्या डोळ्यांकडे उडतात.

खडू भरणं पुरत नाही, ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वरच्या काठाची माती आणि गवत उतारावरून हळूहळू पट्ट्यावर सरकतं, खालच्या काठानं गवत आत शिरतं, आणि दरवर्षी आहे तेवढ्याच पांढऱ्यावर खडू ठोकत राहिलं तर रेषा बारीक होत जाते. डोकं आणि मान अशीच आक्रसली होती, काही ठिकाणी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी. म्हणून अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी जुनी हद्द शोधून काठाचं गवत काढलं आणि रुंदी परत मिळवली. २०२४ मध्ये त्याच्या बातम्या होत्या. सर्नला पद्धत जरा वेगळी: जुना मळलेला खडू खणून काढून चरात नवा भरतात. २०१९ मध्ये त्याला १७ टन लागला.

कोकणातली कातळशिल्पं जांभ्यात कोरलेली, कुणी फिरकलं नाही तरी रेषा राहते. इथे दोन-तीन दशकं हात फिरला नाही तर घोडा हिरवा होऊन जाईल.

रानवाट

डोळ्याचं मुलीला समजावते. पाऊस असेल तर बेत रद्द करावा का?

तिरपं_ऊन

सरींचा पाऊस असेल तर रद्द करू नका. सर गेल्यावर हवा धुतली जाते आणि लांबचं दृश्य उलट जास्त स्वच्छ मिळतं. अडचण होते ती खाली उतरलेल्या ढगांची: टेकडीचा माथा ढगात असेल तर वरून काही नाही आणि खालूनही नाही. निघण्याआधी पावसाच्या अंदाजाबरोबर ढगांची उंची बघा, तीनशे मीटरच्या खाली असेल तर दुसरा दिवस धरा.

आणि बूट खोल खाचांच्या तळव्याचे घ्या, बाबांचे तर नक्कीच. ओल्या खडूची वाट साबणासारखी होते, उतरताना पाय सटकतो. वाटेच्या मधोमध चालण्यापेक्षा कडेच्या गवतातून चाला. आधीच निघाला असाल आणि ढग उठलेच नाहीत, तर ग्रेट कॉक्सवेलचं तेराव्या शतकातलं दगडी धान्यकोठार गाठा, तेही नॅशनल ट्रस्टचं आहे. आत उभं राहून लाकडी खांब आणि छत बघण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तोवर टेकडी मोकळी झाली तर गावाबाहेर पडल्यावर दक्षिणेला नजर टाकायची.